परक्या पंगतींत लहान मूल

महाराष्ट्रांतील मुलाचें पहिलें सार्वजनिक जेवण बहुधा कोणाच्या तरी लग्नाच्या किंवा मुंजीच्या पंगतींत होतें. आईच्या मांडीवर बसून तें पानांतल्या साखरभातांत हात घालतें, मठ्ठ्याची वाटी लवंडतें, शेजारच्या पानांतली जिलबी उचलतें आणि शेवटीं कंटाळून भोकाड पसरतें. पंगतींतला कोणीहि त्याकडे मान वर करून पाहात नाहीं. कोणी मावशी, कोणी आत्या, कधीं तर नांवानेंहि ठाऊक नसलेली एखादी म्हातारी त्याला उचलते आणि अंगणांतल्या चिमण्या दाखवावयास घेऊन जाते. आई निवांतपणें मठ्ठा पिऊन उठते. या व्यवस्थेला कोणी नांव दिलेलें नाहीं, कारण अशी कांहीं व्यवस्था आहे हेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परदेशीं बिऱ्हाड केल्यावर ती नाहींशी होते आणि मग मात्र तिची किंमत कळते.

नोकरीनिमित्त परदेशीं राहणाऱ्या तरुण मराठी जोडप्यांना हा अनुभव अलीकडे सर्रास येतो. बिऱ्हाडांत माणसें दोन, मुलें एक किंवा दोन, आणि मदतीचे हात एकूण चार. त्यांपैकीं दोन दिवसभर कचेरींत. अशा कुटुंबानें मुलांना घेऊन बाहेर जेवावयास जावें कीं न जावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. 'घरीं वरणभात शिजत नाहीं काय?' असें इकडची वडीलधारी मंडळी दूरध्वनीवरून विचारतात. वरणभात शिजतो, परंतु सहा दिवस चार भिंतींत मुलांसह काढलेल्या आईला सातव्या दिवशीं माणसांत बसावेंसें वाटतें. शिवाय ज्या गांवांत राहावयाचें तें गांव मुलांना कळावें तरी कोठें? तेथें ओळखीचें घर नसतें, नातलगाचें दार नसतें. गांवचीं माणसें काय खातात, कशीं बोलतात, एकमेकांशीं कशीं वागतात हें पाहावयास परक्याला मोकळें असलेलें दार म्हणजे उपाहारगृहाचें. तें दार मुलांमुळें बंद झालें तर सारें कुटुंबच गांवाबाहेर राहतें. मग त्याचें बिऱ्हाड गांवाच्या मध्यावर कां असेना.

या दृष्टीनें जपानच्या राजधानीचें, टोकियोचें, उदाहरण पाहण्यासारखें आहे. टोकियोच्या पूर्व भागांत एदोगावा नांवाचा प्रभाग असून त्यांत निशि-कासाई नांवाची वस्ती आहे. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं भारतीय अभियंते मोठ्या संख्येनें टोकियोस जाऊं लागले. निशि-कासाईहून ओतेमाची या पेढ्यांच्या व बँकांच्या भागांत भुयारी गाडीनें थेट जातां येतें. म्हणून त्यांतील पुष्कळांनीं येथेंच बिऱ्हाडें केलीं. आतां तेथें भारतीय वाणसामानाचीं दुकानें आहेत. टोकियोंतील मराठी मंडळी गणेशोत्सव साजरा करितात. २०१९ सालीं तर योगेंद्र पुराणिक हे मूळचे भारतीय गृहस्थ एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले. तेव्हां ही जागा मराठी माणसास अगदींच अनोळखी नव्हे. तरीहि चार ओळखीचीं माणसें असणें निराळें आणि मूल रडतांच तें उचलणारे हात जवळ असणें निराळें.

या भागांत राहावयास आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट अशी. कुटुंब मूळचें सांगलीकडचें. पति-पत्नी, साडेचार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. टोकियोस येऊन दोन महिने झाले होते. एका रविवारीं दुपारीं बाबागाडी घेऊन मंडळी बाहेर पडली. स्टेशनाजवळच्या एका लहानशा दुकानाबाहेर लोक रांग लावून उभे होते. जेथें रांग तेथें अन्न चांगलें, या हिशेबानें हींहि रांगेंत उभीं राहिलीं. आंत एक लांब फळी, फळीपुढें आठ उंच बैठकी आणि पलीकडे उकळतीं भांडीं. शेवयांसारख्या लांब सांज्यांचे वाडगे भरावयाचे, गिऱ्हाइकानें ते न बोलतां संपवावयाचे आणि दहा मिनिटांत जागा मोकळी करावयाची, असा तेथला रिवाज. बाबागाडी आंत जाईना. ती मिटून बाहेर ठेवावी लागली. मुलगी बैठकीवर चढली तों तिची हनुवटीच फळीला लागली. वाडगे आले ते निखाऱ्यासारखे कढत. तेवढ्यांत मुलानें रडावयास सुरुवात केली.

कोणी रागें भरलें नाहीं. कोणी वळूनहि पाहिलें नाहीं. सर्वांनीं माना मात्र अधिकच खालीं घातल्या. 'अहो, तुम्ही खाऊन घ्या. मी याला घेऊन बाहेर उभी राहतें,' असें म्हणून पत्नी उठली. पतीनें तोंड भाजत वाडगा संपविला, मुलीनें चार घांस खाल्ले आणि पत्नीचा वाडगा तसाच निवून गेला. पैसे देतांना पतीनें क्षमा मागितली. दुकानदारानेंहि लवून क्षमा मागितली. दोघांनींहि क्षमा मागितल्यामुळें अपराध कोणाचा, हें कोणासच कळलें नाहीं.

त्यानंतर पांच महिने हें कुटुंब कोठेंहि बाहेर जेवलें नाहीं. पति कचेरींतल्या मंडळींबरोबर जेवी, त्याचें अडत नसे. पत्नीला मात्र पांच महिन्यांत जपानी भाषेचे दोनच शब्द आले, नमस्काराचा आणि क्षमेचा. बालमंदिरांत मुलगी गप्प बसून राही. रस्त्यानें जातांना दिव्यांनीं उजळलेलें एखादें दुकान दिसलें कीं ती वडिलांचा हात ओढून विचारी, 'बाबा, इथें मुलांना चालतें का?' या प्रश्नानें त्या गृहस्थाच्या मनाला चांगलाच चटका बसे. मूल म्हणजे कोठें चालणारी आणि कोठें न चालणारी वस्तु आहे, ही समजूत घरांत कोणी तिला शिकविली नव्हती. तरीहि ती शिकली होती.

पाहूं गेल्यास तिचा प्रश्न नवा नव्हता. हॉटेलें आणि उपाहारगृहें हीं मुळांत मोठ्या माणसांसाठीं निघालेलीं. अमेरिकेंत डॉक्टर एमेट होल्ट यांनीं १८९४ सालीं बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिलें. त्याचा पगडा तेथील घरांवर दीर्घ काळ राहिला. मुलांचें अन्न साधें, मऊ व बेताचें असावें, मोठ्यांचें चमचमीत अन्न त्यांस अपायकारक, असा त्या पुस्तकाचा रोख होता. पुढें १९२० सालीं अमेरिकेंत दारूबंदी अमलांत आली आणि हॉटेलवाल्यांचें मद्याचें उत्पन्न बुडालें. नवीं गिऱ्हाइकें शोधतां शोधतां त्यांची दृष्टि मुलांकडे गेली. न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलानें १९२१ सालीं मुलांसाठीं पदार्थांचें निराळें पत्रक काढलें. त्यांतहि डॉक्टरी पथ्याचीच छाप होती. मुलें उपाहारगृहांत आलीं खरीं, परंतु रुग्णाईतांसारखीं.

जपानांत ही गोष्ट निराळ्या रीतीनें घडली. १९३० सालीं जगभर मंदी होती व जपानांतहि लोक चिंतेंत होते. टोकियोंतील निहोनबाशी येथें मित्सुकोशी नांवाचें मोठें वस्तुभांडार आहे. त्याच्या भोजनगृहाचे प्रमुख आंदो तारो यांनीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत मुलांसाठीं एक खास ताट सुरू केलें. मुलांना आवडणारे अनेक पदार्थ थोडे थोडे एकाच ताटांत मांडावयाचे, भाताची लहानशी टेकडी करावयाची आणि टेकडीच्या माथ्यावर इवलेंसें निशाण रोवावयाचें, अशी त्याची रचना. आईबाप काटकसर करीत असले तरी मुलाला एका दुपारपुरती मौज वाटावी, हा त्यामागचा हेतु होता. पुढें हें ताट 'ओकोसामा लंच' या नांवानें देशभर पसरलें. अमेरिकेंतील पत्रकामागें डॉक्टरांचें पथ्य होतें, जपानांतल्या या ताटामागें मुलाचा आनंद होता. आणि पहिल्या दुकानांतल्या त्या आठ बैठकी पाहून ज्यांनीं जपानी लोकांना मुलांचें वावडें असावें असा ग्रह करून घेतला, त्या सांगलीच्या कुटुंबास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

तें त्यांना कळलें शेजारणीमुळें. त्याच इमारतींत राहणारी एक जपानी बाई मुलीच्या बालमंदिरांतल्या मैत्रिणीची आई होती. एका पावसाळी शनिवारीं जिन्यांत गांठ पडली असतां तिनें हातवारे करून, मोडक्यातोडक्या इंग्रजींत, दोन्ही घरच्या मुलांना घेऊन जेवावयास जाऊं असें सुचविलें. पत्नीनें मान हलवून नकार दिला आणि कडेवरच्या मुलाकडे बोट दाखविलें. शेजारीण हंसली व तिनें छत्री उघडली.

ती त्यांना ज्या ठिकाणीं घेऊन गेली, त्याला जपानांत 'फॅमिली रेस्टॉरंट' असेंच म्हणतात. या प्रकारच्या उपाहारगृहांचा प्रसार १९७० नंतरचा. त्या सालीं टोकियोच्या पश्चिम भागांत 'स्कायलार्क' या मंडळीनें आपलें पहिलें दुकान उघडलें. रुंद बांकें, दोन टेबलांमध्यें आडोसा, मोठमोठ्या खिडक्या. दारांतच सेविकेनें माणसें मोजलीं तीं मुलांसकट मोजलीं आणि न मागतां उंच खुर्ची आणली. तिच्यामागून मुलांसाठीं न फुटणाऱ्या वाट्या, आंखूड चमचे आणि कागदी लाळेरें आलें. गरम पाण्यांत पिळलेले हातरुमाल आले. त्यांना तेथें 'ओशिबोरी' म्हणतात. टेबलावर एक कळ होती. ती दाबली म्हणजे सेविका येते. हांक मारावयास नको, कोणाचें लक्ष वेधण्यासाठीं हात हलवावयास नको. जेवण झाल्यावर बक्षिशी ठेवण्याचीहि तेथें चाल नाहीं. कांहीं उपाहारगृहांतून २०२१ पासून मांजराच्या चेहऱ्याचे यंत्रसेवक ताटें घेऊन टेबलापर्यंत येऊं लागले आहेत. त्यांच्यापुढें रडणारें मूल आपोआप गप्प होतें, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

परक्या माणसाला जपानांत आणखी एक सोय मिळते. पुष्कळ दुकानांच्या दर्शनी काचेमागें पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. इवासाकी ताकिझो नांवाच्या कारागिरानें १९३२ सालीं ओसाका येथें मेणाचे असे नमुने करण्याचा धंदा सुरू केला. आतां ते मेणाऐवजीं कृत्रिम राळेचे करितात. ज्याला जपानी अक्षर येत नाहीं त्यानें नुसतें बोट दाखवावें. ज्याला कोणतेंच अक्षर येत नाहीं त्या मुलालाहि तेथें मोठ्यांच्या बरोबरीनें निवड करतां येते. साडेचार वर्षांच्या त्या मुलीनें भाताच्या टेकडीवरच्या निशाणाकडे बोट दाखविलें आणि पांच महिन्यांत प्रथमच घराबाहेर तिनें ताट संपविलें. निशाण तिनें घरीं आणलें.

त्या दिवशीं दुसरीहि एक गोष्ट घडली. भात अर्धा खाऊन झाल्यावर मुलगी सरबताच्या यंत्राकडे धांवली व जातांना तिनें हातांतल्या दोन्ही काड्या भातांत उभ्या रोवून ठेविल्या. शेजारणीनें हळूच त्या काढल्या आणि वाटीशेजारीं आडव्या ठेविल्या. मुलीच्या आईनें कारण विचारलें. शेजारणीला इंग्रजी शब्द सांपडेना. तिनें डोळे मिटले, हात जोडले आणि क्षणभर तशीच बसली. जपानांत मृतासाठीं ठेवलेल्या भातांत काड्या उभ्या रोवितात. तसेंच दहनानंतर अस्थि काड्यांनीं एकाकडून दुसऱ्याकडे देतात, म्हणून जेवतांना काडींतून काडींत घांस देणेंहि वर्ज्य मानितात. ही माहिती पत्नीला पुढें मिळाली. परंतु त्या क्षणीं शब्दांवांचूनच तिला सर्व समजलें. दहाव्या दिवशीं घाटावर कावळ्यासाठीं ठेवलेला भात तिच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. तिनेंहि हात जोडले. परदेशीं आल्यापासून कोणाशीं तरी आपलें बोलणें झालें, असें तिला त्या दिवशीं प्रथम वाटलें.

पुढें सांगलीहून आजी तीन महिन्यांसाठीं आल्या आणि नवाच प्रश्न उभा राहिला. आजी कडक शाकाहारी. जपानी स्वयंपाकांत 'दाशी' नांवाचें एक सारासारखें पाणी पायाभूत असतें. तें बहुधा समुद्रांतील शेवाळ आणि 'कात्सुओबुशी' म्हणजे वाळवून किसलेला मासा यांपासून काढितात. तें कढणांत असतें, भाजींत असतें, अंड्याच्या वड्यांत असतें; त्यामुळें दिसावयास केवळ भाजी असली तरी ती शाकाहारी असेलच असें नाहीं. शेवयांच्या रश्शांत डुकराचें मांस उकळलेलें असणें नेहमींचेंच. 'सूनबाई, हें पाणी तरी चालेल ना ग?' असें आजींनीं पहिल्या दिवशीं पेला हातीं धरून विचारलें. हळूहळू आजींचीहि यादी तयार झाली: साधा भात, मिठांत उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, तळलेले बटाटे, लोणी लावलेला मका. देवळांशीं संबंध असलेल्या 'शोजिन' भोजनगृहांतून मांसमासे मुळींच नसतात; तेथें आजी अगदीं तृप्त झाल्या, परंतु तेथल्या शांततेंत मुलांचा निभाव लागेना. शेवटीं तोडगा असा निघाला कीं आजींची शोजिनवारी महिन्यांतून एकदां मुलाबरोबर व्हावी आणि नातवंडें आईबरोबर घरीं राहावीं.

भारतीय जिभेला जपानांत आधार देणारी एक जुनी वाटहि आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ सालीं जपानांत गेले. त्यांना टोकियोंतील शिंजुकु भागांतल्या नाकामुराया या दुकानाच्या मालकांनीं आश्रय दिला व पुढें आपली मुलगीहि दिली. त्याच दुकानांत १९२७ सालीं रासबिहारींच्या पद्धतीची भारतीय आमटी, म्हणजे 'करी', गिऱ्हाइकांना मिळूं लागली. तींत कोंबडी असते, त्यामुळें आजींना तिचा उपयोग नव्हता. परंतु परक्या देशांत एका भारतीयाचें नांव एका पदार्थाला चिकटून राहिलें, हें ऐकून त्यांनीं ती इमारत बाहेरून पाहिली आणि नमस्कार केला.

मौजेबरोबर सावधपणाहि हवा. एक वर्षाच्या आंतील मुलाला मध देऊं नये, मग तो खिरींत असो वा सरबतांत. मधांत क्वचित् बोट्युलिनम नांवाच्या जंतूंचीं बीजें असतात आणि साध्या शिजविण्यानें तीं मरत नाहींत. अर्भकाच्या आंतड्यांत तीं रुजून विष तयार होतें. २०१७ सालीं टोकियोंत सहा महिन्यांचें एक मूल याच कारणानें दगावलें. घरच्यांनीं तें मध पौष्टिक म्हणून फळांच्या रसांतून दिलें होतें. मराठी घरांत मधाचें बोट चाटविण्याची चाल असल्यामुळें ही गोष्ट आजीआजोबांनींहि ध्यानांत ठेविली पाहिजे. दुसरी गोष्ट 'सोबा' नांवाच्या शेवयांची. त्या कुट्टूच्या पिठाच्या असतात व कांहीं मुलांना कुट्टू अतिशय बाधतो. गव्हाच्या 'उदोन' शेवया त्याच पाण्यांत उकळल्या तर त्यांनाहि तो दोष लागतो. ज्याच्या मुलाला एखादा पदार्थ बाधतो त्यानें तें नांव जपानी अक्षरांत कागदावर लिहून जवळ बाळगावें आणि तो कागद आधीं दाखवावा. तिसरी गोष्ट गिळण्याची. भुईमुगाचे दाणे व इतर कठीण दाणे पांच वर्षांपर्यंतच्या मुलांना देऊं नयेत, अशी सूचना जपानच्या ग्राहकविषयक सरकारी खात्यानें २०२१ सालीं दिली. द्राक्षें आणि लहान टोमॅटो चिरून द्यावे. पूर्वीं जपानी उपाहारगृहांतला धूर हाहि मुलांना मोठा त्रास होता. १ एप्रिल २०२० पासून नव्या कायद्यानें बंदिस्त जागेंतील धूम्रपानास सामान्यतः मनाई झाली. कांहीं लहान जुन्या दुकानांना सूट मिळाली, परंतु जेथें धूम्रपान चालतें त्या भागांत वीस वर्षांखालील कोणासहि प्रवेश नाहीं. तेव्हां दारावरची पाटी पाहूनच आंत पाऊल टाकावें.

या सर्व अनुभवांतून त्या कुटुंबानें आपले कांहीं नियम ठरविले. जेवावयास जावयाचें तें गर्दीच्या आधीं, सकाळीं साडेअकरास किंवा सायंकाळीं साडेपांचास. मुलाला भूक अनावर होईपर्यंत थांबावयाचें नाहीं. झोपेची वेळ टाळावयाची. सोबत एक चित्रांचें पुस्तक व चार रंगीत खडू न्यावयाचे. जमल्यास चटईची, म्हणजे 'तातामी'ची, खोली मागावयाची. तेथें जोडे काढून खालीं बसतात, त्यामुळें रांगणारें मूल खुर्चीवरून पडण्याचें भय नसतें व मराठी माणसाला पाटावर बसल्यासारखें वाटतें. मूल रडूं लागलें तर एकानें लगेच त्याला बाहेर न्यावयाचें. मात्र दर खेपेस तें आईनेंच न्यावें असें नाहीं, पाळी लावावयाची. हा शेवटला नियम पत्नीनें सुचविला आणि पतीनें जरा विचार करून मान्य केला. उठतांना सांडलेलें अन्न ओल्या रुमालानें पुसून टाकावयाचें.

यांत त्यांना जपानी लोकांच्या एका शब्दाचा अर्थहि उमगला. 'मेइवाकु' म्हणजे आपल्यामुळें दुसऱ्यास होणारा उपद्रव; तो होऊं देऊं नये, हें जपानी मुलाला अगदीं लहानपणापासून शिकवितात. पहिल्या दुकानांत माना खालीं गेल्या त्या तिरस्कारानें नव्हे. आईला आणखी लाज वाटूं नये म्हणूनहि त्या गेल्या असतील. आठ बैठकींच्या दुकानाचा धर्म निराळा, बांकांच्या उपाहारगृहाचा निराळा. मुलाला कोणत्या जागीं नेलें याची जबाबदारी मुलावर टाकतां येत नाहीं. परंतु याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. उपद्रवाच्या भयानें मुलाला कोठेंच नेलें नाहीं तर तें चारचौघांत वागावयास शिकणार कधीं? पोहावयास शिकलें म्हणजे मग पाण्यांत उतर, असें कोणी म्हणत नाहीं. मुलाचें थोडें रडणें, थोडें सांडणें हें गांवानें सोसावयाचें असतें. आईबापांनीं तें शक्य तितकें कमी करावयाचें असतें. या दोहोंमध्यें जो मेळ बसतो त्यालाच त्या गांवचा शिष्टाचार म्हणावयाचा.

वर्षभरांत एक पालट झाला. बालमंदिरांत मुलीला जपानी अक्षरें येऊं लागलीं. उपाहारगृहांत कळ दाबण्याचें काम तिचें. पत्रकावरचीं सोपीं नांवें वाचून दाखविण्याचेंहि काम तिचेंच. 'यांत मासा आहे का?' हें आजींच्या वतीनें सेविकेला तीच विचारी. आईबापांना कौतुक वाटे आणि मनांत कोठें तरी टोंचेहि. मूल पुढें होऊन बोलतें आणि वडील त्याच्या तोंडाकडे पाहतात, ही परदेशांतल्या पुष्कळ घरांची स्थिति आहे. पत्नीनें मात्र त्यावर एक उपाय केला. ती मुलीपाशींच शिकावयास बसली. दर रविवारीं एक पदार्थ तिनें स्वतः मागावयाचा, चुकलें तर मुलीनें हंसावयाचें नाहीं, असा करार झाला. मुलगी हंसत असे. करार तरीहि चालू राहिला.

तीन वर्षांनीं कुटुंब एका लग्नासाठीं सांगलीस आलें. मुलगी तेव्हां साडेसात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. जपानांत जेवणापूर्वीं 'इतादाकिमास' आणि जेवणानंतर 'गोचिसोसामा' म्हणण्याची चाल आहे. पहिला शब्द अन्न नम्रपणें स्वीकारण्याचा, दुसरा तें खाऊं घालणाऱ्याचे आभार मानण्याचा. उपाहारगृहांतून निघतांना दुसरा शब्द आंत स्वयंपाक करणाऱ्यांनाहि ऐकूं जाईल असा म्हणतात. पंगत उठल्यावर मुलगी कोणास न सांगतां मांडवामागें गेली. आचारी चुलाणांपाशीं पंच्यानें घाम पुसत बसले होते. त्यांच्यापुढें उभी राहून ती लवली आणि तो शब्द म्हणाली.

'काय म्हणते पोर?' मुख्य आचाऱ्यानें विचारलें.

तिला शोधीत आलेल्या आजी म्हणाल्या, 'जेवण चांगलें झालें, म्हणते.'

आचाऱ्यानें दुसऱ्यांदा तोंड पुसलें. मांडवामागें येऊन असें सांगणारें बहुधा कोणी नसतें. त्यानें द्रोणांत दोन जिलब्या घातल्या आणि तो द्रोण दोन्ही हातांनीं तिच्यापुढें धरला.

तिकडे पंगतींत धाकट्यानें मठ्ठ्याची वाटी लवंडली व सूर लावला. आई चटकन् उठली, रुमाल शोधूं लागली आणि क्षमा मागण्यासाठीं तिनें आजूबाजूस पाहिलें. कोणाचेंहि तिकडे लक्ष नव्हतें. कोणा एका म्हाताऱ्या बाईनें मुलाला कडेवर घेतलें होतें व ती त्याला अंगणाकडे नेत होती. आई क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती पाटावर बसली आणि तिनें मठ्ठ्याची वाटी उचलली.